नेहमीची जागा

नव्या साहेबांची चिठ्ठी चार ओळींची होती. अक्षर मोठं, ओळी उजवीकडे उतरत गेलेल्या. सोमवारी सकाळच्या गाडीनं गुंजतालला निघायचं, डबीर सोबत, दहा दिवसांचा शिधा, तंबू नेहमीच्या जागी ठोकावा. श्रीपाद डबीरनं पहिल्या तीन ओळी कारकुनाच्या नजरेनं वाचल्या आणि चौथीवर त्याची नजर अडकली. नेहमीच्या जागी. त्यानं चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला आणि परत वाचलं. चष्म्यानं काही फरक पडला नाही. बाहेर सिव्हिल लाइन्सच्या रस्त्यानं एक टांगा गेला. घोड्याच्या टापा बराच वेळ ऐकू येत राहिल्या आणि श्रीपादला वाटलं, आपल्या पोटात कोणीतरी लहानशी मेख ठोकतंय. घाई नाही, राग नाही, सरकारी काम म्हणून ठोकतंय.

गुंजताल कुठं आहे हे त्याला नकाशावर बोट ठेवून सांगता आलं असतं. मंडल्याच्या पलीकडे, मैकलच्या डोंगरात, तीन हजार फुटांवर, सालाच्या रानात, करंगळीच्या नखाएवढा निळा ठिपका. गेली अकरा वर्षं दर हिवाळ्यात दहा दिवस त्या ठिपक्याच्या काठी मुक्काम करून, पाण्याची उंची, काठची झाडं, पाखरं, हवा यांचा सोळा पानी अहवाल त्यानं नागपूरला पाठवला होता. अडचण एवढीच होती की तो तिथं कधी गेला नव्हता.

यात लबाडी कोणाचीच नव्हती. उलट सगळा घोटाळा टॉमकिन साहेबाच्या प्रामाणिकपणातून झाला. जबलपुरात तेव्हा 'डोंगरी तलाव पाहणी' नावाची एक कचेरी होती. तिच्यात एक साहेब, एक कारकून म्हणजे श्रीपाद, आणि तुळशीराम नावाचा एक खलाशी होता, ज्याचं काम वर्षातून एकदा तंबू ठोकणं आणि एकदा उपटणं. टॉमकिन साहेबाची पाठ अशी होती की आगगाडीत बसला की ती धरायची आणि पंधरा दिवस सोडायची नाही. पण नियमात लिहिलेलं होतं की पाहणी अधिकाऱ्यानं वर्षातले दहा दिवस गुंजतालला तंबूत काढावेत. दुसऱ्या एखाद्या साहेबानं घरी बसून खुशाल सही ठोकली असती. टॉमकिन साहेब तसा नव्हता. त्यानं दोन रात्री विचार केला आणि तिसऱ्या दिवशी बंगल्याच्या मागच्या आवारात, विहिरीजवळ, एक पाटी रोवून घेतली. पाटीवर लिहिलं होतं: गुंजताल. मग तिथं तंबू ठोकला गेला. साहेब दहा दिवस त्यात झोपला, कथलाच्या ताटलीत जेवला, बायको पन्नास पावलांवर बंगल्यात असून तिला पत्रं लिहून खुशाली कळवत राहिला. श्रीपादही शेजारच्या रावटीत राहिला, कारण कॅम्पवरून घरी जायचं नसतं. घरून त्याची बायको शरयू डबा पाठवायची. आणि रोज सकाळी साहेब खाटेवर उताणा पडून, कापडाच्या छताकडे बघत विचारायचा, "वेल, डबीर. आज पाणी कैसा है?"

पहिल्या वर्षी श्रीपादनं विहिरीच्या दिशेनं पाहिलं आणि म्हणाला, "शांत है, सर." साहेबानं ते लिहून घ्यायला सांगितलं. तिथून सुरुवात झाली. इंग्रजीत लिहायचं असल्यामुळे सोपं गेलं; आपल्या भाषेत माणसाला थोडी तरी लाज वाटते. दुपारी ऊन कापडावर पडलं की रावटीत हिरवट-पिवळा उजेड साचायचा, एखाद्या मोठ्या पानाच्या पोटात बसल्यासारखा. दोरांचा, जुन्या कापडाचा, खाली दबलेल्या गवताचा वास यायचा. श्रीपाद डोळे मिटायचा आणि त्याला तळं दिसायचं. दिसायचं म्हणजे काय, तो बांधायचा. संध्याकाळचा रंग त्यानं शहरातल्या राणीतालावरून उचलला. मदन महालच्या डोंगरावरचा एक काळा खडक, बसलेल्या बैलासारखा, अलगद उचलून नैऋत्येच्या काठावर नेऊन ठेवला. हाक परत येण्याची सोय भेडाघाटाहून केली. सावलीला मोहाची तीन झाडं लावली, कारण दोन फार कमी वाटली आणि चार म्हणजे उधळपट्टी. त्या झाडांखाली तंबूची जागा. दुसऱ्या वर्षी त्यानं सारस पक्षी आणले. पाचव्या वर्षापर्यंत असं झालं की शहरातली दुसरी तळी त्याला गुंजतालची वाईट नक्कल वाटू लागली. सातव्या वर्षी त्याची आई, राधाबाई, गेली. तेराव्यानंतर तो रावटीत येऊन बसला, साहेबानं नेहमीचा प्रश्न विचारला, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं की या वर्षी सारस आले नाहीत. साहेब छताकडे बघत म्हणाला, "लिखो." एवढं एक वाक्य सोळा पानांत श्रीपादनं बांधलेलं नव्हतं.

टॉमकिन साहेब पेन्शन घेऊन विलायतेला गेला. जाताना पाटी उपटून घेऊन गेला. त्याच्या जागी नागपूरहून बापूसाहेब हरकरे आले. वय पंचावन्नाला टेकलेलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलेले, कागद नाकाला लावून वाचायचे आणि तरी शेवटी डबीरलाच वाचायला सांगायचे. वैशाखात शस्त्रक्रिया ठरलेली. डॉक्टरनं सांगितलं होतं, दिसेल किंवा नाही दिसणार. शास्त्राच्या दृष्टीनं हे उत्तर बरोबर होतं. असा माणूस नोकरीच्या शेवटच्या वर्षी जबलपूरला बदली कशाला मागून घेतो, हे कोणाला कळलं नव्हतं. चिठ्ठी आली तेव्हा कळलं.

"मग चांगलं झालं ना," शरयू म्हणाली. ती चुलीपुढे बसून वाटेसाठी शेव पाडत होती. "अकरा वर्षं लोकायला सांगून राहिले. एकदा पाहून तरी या."

"अगं, तिथं मोहाची तीन झाडं नसली तर?"

"चार असतील."

"आणि काळा खडक?"

"अहो, डोंगर आहे तो. डोंगरात खडक नाही मिळणार तर काय साबण मिळणार?"

श्रीपाद पाटावर बसून राहिला. कढईतल्या तेलाचा आवाज त्याला विनाकारण अधिकृत वाटला. नोकरी जाईल. खोट्या अहवालाबद्दल बडतर्फ झालेल्या माणसाला जबलपुरात दुसरं कोण ठेवणार? लोक विचारतील, कशाबद्दल काढलं? आणि त्याला सांगावं लागेल, तळ्याबद्दल.

"आधीच सांगून टाकू का त्यांना?"

"सांगा," शरयू म्हणाली. "पण स्वेटर घालून सांगा. तिकडं फार थंडी असते. तुमीच लिहिलं होतं ना."

गाडीत सांगायचं असं त्यानं ठरवलं. छोट्या लाईनीची गाडी नर्मदा ओलांडेपर्यंत थांबायचं, मग सांगायचं. नर्मदा ओलांडली. मग नैनपूरपर्यंत थांबायचं असं ठरलं. खिडकीतून धूर आणि थंडी एकदमच आत येत होती. समोर बापूसाहेब मफलर गुंडाळून, हात मांडीवर ठेवून, लग्नाला निघालेल्या माणसासारखे बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद श्रीपादला बघवत नव्हता.

"डबीर," बापूसाहेब म्हणाले, "तुम्हाला माहीत नसेल, नागपूरला तुमचे अहवाल माझ्याकडे येत. बाकी कोणी वाचत नसे. मी वाचत होतो."

"हो साहेब."

"दुपारी, जेवून आल्यावर. 'दिवस उतरताना पाणी आधी तांब्याचं होतं, मग काशाचं.' तुमचंच ना?"

"माझंच, साहेब."

"काय नजर आहे हो तुमची. मी त्या कोंदट कचेरीत बसून असतो, भिंतीवर पाल, आणि तुमचं पाणी काशाचं होऊन राहिलं." ते हसले. मग जरा थांबून म्हणाले, "एका वर्षी तुम्ही लिहिलं, सारस आले नाहीत. आमची मंडळी त्याच पौषात वारली होती. मी फाईलवर शेरा मारला, पुढल्या वर्षी कळवावे. आठवते?"

"आठवते."

"तुम्ही कळवलं. आले म्हणून. दोन."

श्रीपाद खिडकीबाहेर बघू लागला. सागाची झाडं मागं पळत होती आणि त्यांच्याबरोबर कबुलीच्या चांगल्या चांगल्या जागाही. तो शेरा त्याला आठवत होता. लाल शाईतला. त्यानं तेव्हा हसून म्हटलं होतं की नागपूरला कोणीतरी पाखरांचा शौकीन दिसतो, आणि पाखरं परत आणली होती, एका ओळीत, वीस सेकंदांत. आता त्याला वाटू लागलं की आपण एखाद्या अनोळखी माणसाच्या घरात अकरा वर्षं ये-जा करत होतो, भांडी हलवत होतो, दिवा लावत होतो, आणि तो माणूस आज आपले आभार मानायला निघाला आहे. नैनपूर आलं. तुळशीराम तंबूच्या गाठोड्यांवर बसून दुसऱ्या डब्यातून आला होता. तो फलाटावर श्रीपादला बाजूला घेऊन म्हणाला, "बाबूजी, एक पुसतो. नेहमीची जागा म्हणजे ते विहिरीजवळचीच ना?"

"तिथं विहीर नाही, तुळशीराम."

"मग बाराव्या वर्षी जागा काहून बदलून राहिले?" तुळशीराम म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "तिथली जमीन बसली होती आता."

मंडल्याहून दोन दिवस बैलगाडी, आणि तिसऱ्या दिवशी पायवाट. बापूसाहेब तट्टावर, तंबू दोन खेचरांवर, श्रीपाद आणि तुळशीराम पायी. पहाटे चढायला लागले तेव्हा गवतावर पांढरं काहीतरी पडलेलं होतं. श्रीपादनं ते बोटानं उचललं तर बोट बधिर झालं. दव गोठतं, हे त्यानं कधी लिहिलं नव्हतं, सुचलंच नव्हतं. मग सालाचं रान लागलं. तिकडचे लोक सरई म्हणतात. खोडं सरळ, उंच, एकमेकांकडे न बघता उभी, तारखेला हजर झालेल्या साक्षीदारांसारखी. वर कुठंतरी ऊन होतं, खाली त्याची चिल्लर पडत होती. श्रीपादची छाती भरून आली ती चढामुळे, असं तो स्वतःला सांगत राहिला. त्याच्या अहवालात या रानाबद्दल एक ओळ होती: 'मार्ग घनदाट अरण्यातून जातो.' तीन तास ते त्या ओळीतून चालत होते आणि ओळ संपत नव्हती. पायाखाली पाचोळ्याचा आवाज व्हायचा, थांबलं की थांबायचा, आणि मग जे उरायचं त्याला शांतता म्हणायला त्याची जीभ वळेना. शांतता तो कचेरीत अकरा वर्षं सढळ हातानं वापरत आला होता. ती ही नव्हती.

आणि मग झाडं थांबली. एक झाड होतं, त्याच्यानंतर दुसरं नव्हतं, आणि पाणी होतं. किती होतं ते एका नजरेत मावेना. श्रीपादनं डावीकडून सुरुवात केली आणि उजवीकडे पोचेपर्यंत डावीकडचं बदललेलं होतं. काठाजवळ ते चहासारखं तपकिरी होतं, जरा पुढं पाटीसारखं काळं, आणि पार मधे एक रंग होता जो आभाळातही नव्हता, मग तो पाण्यात कुठून आला कोण जाणे. सगळ्या पाण्यावरून वाफ उठत होती, सावकाश, जणू खाली कोणीतरी आंघोळीचं पाणी तापवून निवांत बसलंय. पलीकडचा काठ वाफेत होता किंवा नव्हता. मोहाचं एकही झाड नव्हतं. काळा खडक नव्हता. बसलेला, उभा, कसलाच बैल नव्हता. सारस तर नव्हतेच. एक लहानसं तपकिरी पाखरू काठच्या चिखलात शेपटी हलवत फिरत होतं आणि सरकारी पाहुण्यांकडे त्यानं ढुंकून पाहिलं नाही. श्रीपादनं इतकी भीती साठवून आणली होती. ती आता खाली ठेवायला जागा सापडेना. त्याला वाटलं, आपण अकरा वर्षं एका माणसाची नक्कल करून टाळ्या घेत होतो, आणि आज तो माणूस दारात उभा आहे. आणि रागावलेला नाही. त्याला आपलं नावही माहीत नाही.

तट्टावरून उतरून बापूसाहेब उभे होते. त्यांनी मान वर केली, वास घेतला, डोळे बारीक केले. त्यांच्यापर्यंत नुसता उजेड पोचत असणार. मोठा, ओला उजेड.

"आलो ना, डबीर?"

"आलो, साहेब."

"मला मेलं सगळं दुधासारखं दिसते. ते मोह कुठं आहेत? हात धरून दाखवा. मी खोडाला हात लावून पाहतो."

तुळशीराम मेखा ठोकायची मोगरी हातात घेऊन श्रीपादच्या कानाशी आला. "बाबूजी, साहेबाले काही दिसून नाही राहिलं," तो हळूच म्हणाला. "झाड म्हणजे झाड. त्या सरईले हात लावून द्या, म्हणा हाच तुमचा मोह. मी मेख मारतो. दहा दिवसानं घरी. कोणाले पत्ता नाही लागत."

आणि ते अगदी खरं होतं. इतकं सोपं काम श्रीपादला नोकरीत कधी मिळालं नव्हतं. एक वाक्य बोलायचं. नोकरी राहिली, पेन्शन राहिली, म्हाताऱ्याचा आनंद राहिला. वाक्य तयारही होतं. त्यानं तोंड उघडलं, आणि समोर पाहिलं, आणि 'तीन मोह' हे दोन शब्द त्याच्या जिभेवर आले तसे बसून राहिले. या पाण्यापुढे ते टाकायला कुठं जागाच नव्हती. खोटं बोलायला त्याची हरकत नव्हती, सवय होती. पण हे समोर असताना आपली ती राणीतालाची संध्याकाळ, ती उसनी हाक, तो मदन महालचा दगड काढून मांडायचे, म्हणजे देवळात जाऊन देवाला देवाचं चित्र दाखवण्यासारखं होतं. सच्चेपणाचा झटका वगैरे आला नव्हता. त्याला नुसतं ते तळं फार आवडलं.

"साहेब," तो म्हणाला, "मोह नाहीत."

"तोडले?"

"नव्हतेच. मी इथं पहिल्यांदाच येऊन राहिलो."

मग त्यानं सगळं सांगितलं. पाठ, पाटी, विहीर, रावटी. सांगताना ते सगळं त्यालाच इतकं अशक्य वाटलं की मधेच त्यानं साक्षीला तुळशीरामकडे पाहिलं. तुळशीराम म्हणाला, "जमीन चांगली होती साहेब तिथली, मेख पक्की बसे." बापूसाहेब तंबूच्या पेटीवर बसले. त्यांचा चेहरा मफलरमध्ये लहान लहान होत गेला.

"अकरा वर्षं?"

"दहा. एका वर्षी साहेबाला गोवर निघाला होता. तेव्हा कॅम्प आतल्या खोलीत झाला."

"आणि सारस?"

"ते मीच आणले होते, साहेब."

"त्या वर्षी नव्हते आले ते?"

श्रीपादनं चष्मा काढून सोग्यानं पुसला. "त्या वर्षी आमची आई गेली होती," तो म्हणाला. "त्या वर्षी मला आणता नाही आले."

वाफ पाण्यावरून उठून झाडांत शिरत होती. खेचरानं पाय आपटला. मग बापूसाहेब म्हणाले, "नागपूरला कळवावं लागेल."

"हो साहेब."

"मला तर दिसत नाही. मसुदा तुम्हालाच करावा लागेल."

"करतो, साहेब."

"त्यात वर्णन नको."

"नाही साहेब."

म्हणजे नोकरी गेली. श्रीपादनं ते वाक्य मनात म्हणून पाहिलं आणि मेख पुन्हा लागते का याची वाट पाहिली. लागली, शरयूचा चेहरा आठवला, घर आठवलं. पण ती कुठंतरी लांब, दुसऱ्याच्या तंबूला लागत होती. तुळशीराम जमीन टाचेनं दाबून बघत काठानं चालला होता आणि प्रत्येक जागेला नावं ठेवत होता: इथं भुसभुशीत, इथं ओल, इथं मुंग्या. बापूसाहेब उठले. त्यांनी हात पुढं केला. श्रीपादनं तो धरला आणि त्यांना पाण्यापर्यंत नेलं. त्यांनी बूट काढले, मोजे काढले, आणि त्या बर्फासारख्या पाण्यात घोट्यापर्यंत उभे राहिले. ओंजळीत घेऊन प्यायले.

"तुम्ही लिहिलं होतं, पाणी गोड आहे."

"हो साहेब."

"शेवाळाची चव आहे." त्यांनी पुन्हा एक ओंजळ घेतली. "चांगली आहे."

ते तसेच उभे राहिले, तोंड उजेडाकडे करून. मग विचारलं, "पलीकडे काय आहे?"

आधीचा डबीर असता तर त्यानं साहेबांच्या तोंडातून प्रश्न पडायच्या आत सांगितलं असतं. टेकड्यांची निळी रांग दिली असती, वर धुराची एक रेघ फुकट. श्रीपादनं पलीकडे पाहिलं. वाफ होती. "दिसत नाही, साहेब," तो म्हणाला. "जाऊन पाहून येतो."

"या. मी आहे इथं."

तो काठाकाठानं निघाला. धोतर चिखलानं जड झालं, ते त्यानं वर खोचलं. वाट नव्हती. दर वळणावर वाटायचं की तळं आता संपेल आणि तळं आपलं आणखी एक बोट रानात घुसवायचं, एखाद्या मोठ्या माणसानं झोपेत पाय पसरावा तसं. काठच्या चिखलात हरणांच्या खुरांचे ठसे होते, त्यांत पाणी भरलेलं, प्रत्येकात आभाळाचा एकेक तुकडा; त्यानं एकही तुडवला नाही. एका ठिकाणी ऊन लागल्याबरोबर सगळ्या सरईंवरून गोठलेलं दव एकदम वितळून गळायला लागलं, नुसत्या त्या झाडांखाली, आणि तो निरभ्र आभाळाखाली नखशिखांत भिजून उभा राहिला आणि हसला. हे नागपूरला कोणी खरं मानलं नसतं. सूर्य डोक्यावर आला तेव्हा तो पलीकडे पोचला. वाफ विरली होती. समोरच्या काठावर एक पांढरा ठिपका होता, तो बापूसाहेबांचा मफलर, आणि शेजारी एक काळा ठिपका वाकून जमिनीवर काहीतरी मारत होता. मोगरी खाली आलेली दिसायची आणि आवाज नंतर यायचा, पाण्यावरून चालत, सवडीनं. श्रीपादनं वळून पाहिलं. मागं गवताचा एक उतार होता, उन्हात. त्याच्यावर काही नव्हतं. उताराच्या वर पुन्हा रान. तो पाहत राहिला. किती वेळ ते त्याला कळलं नाही.

"डबीर," पांढऱ्या ठिपक्याकडून हाक आली, पातळ होऊन. "काय आहे?"

कचेरीत कधी आवाज न चढवलेल्या श्रीपादनं दोन्ही तळवे तोंडाभोवती धरले आणि छातीत मावेल तेवढी हवा भरून घेतली.

"काही नाही, साहेब," तो ओरडला. "फार सुंदर आहे."